मदरबोर्ड बदलताना विंडोजचं लायसन्स हातचं जाऊ नये म्हणून

मदरबोर्ड बदलला, पीसी सुरू झाला, सगळ्या फायली जागेवर आहेत, आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट ओळ उमटली. बहुतेक लोक लायसन्सचा विचार इथून पुढे सुरू करतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण ज्या अर्ध्या तासाच्या कामाने हे सगळं सोपं होतं ते जुना बोर्ड चालू असतानाच करता येतं. जुना बोर्ड अचानक जळला असेल तरीही पुढचं वाचा, काही वाटा उघड्या असतात. पण बोर्ड अजून चालू असेल तर स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा आणि आधी लायसन्सची चौकशी करा.

विंडोज १० आणि ११ मध्ये ॲक्टिव्हेशन, म्हणजे लायसन्सची पडताळणी, होते तेव्हा मशीनच्या भागांवरून एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. याला डिजिटल लायसन्स म्हणतात. या ओळखीत मदरबोर्डचं वजन सगळ्यात जास्त. रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड बदललं, पॉवर सप्लाय नवा घातला, तर सहसा काहीही होत नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोज नव्याने टाकलं तरी अडत नाही. इन्स्टॉल करताना ‘प्रॉडक्ट की’ (लायसन्सची २५ अक्षरी चावी, पुढे नुसतं ‘की’) विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडायचं, आधी होती तीच एडिशन (होम, प्रो वगैरे) घ्यायची आणि इंटरनेट जोडायचं. बोर्ड तोच असल्यामुळे ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. मदरबोर्ड बदलला की मात्र सर्व्हरच्या लेखी ते दुसरं मशीन ठरतं. अगदी त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा बोर्ड घातला तरी त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक वेगळा असतो.

आधी तुमचं लायसन्स कोणत्या जातीचं ते पाहा

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं, एक जागा सोडून तिरपी रेघ, आणि तिला चिकटून डी-एल-आय असं टाइप करून एंटर दाबा. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं. काही सेकंदांनी एक छोटी खिडकी येते. तिच्यातल्या दोन गोष्टी लिहून ठेवा: ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत आलेलं चॅनेल, म्हणजे लायसन्स कोणत्या मार्गाने आलं तो प्रकार, आणि ‘पार्शल प्रॉडक्ट की’ म्हणून दिलेली शेवटची पाच अक्षरं.

चॅनेल ‘ओईएम’ने सुरू होत असेल तर लायसन्स मशीनसोबत आलेलं आहे आणि ते त्या मदरबोर्डशी बांधलेलं आहे. ‘ओईएम डीएम’ असेल तर की बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्याच्या चिपमधल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, कोरलेली आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ब्रँडेड लॅपटॉप असेच येतात. ‘व्हॉल्यूम’ असेल तर लायसन्स संस्थेचं आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. ‘रिटेल’, म्हणजे सुटं विकत घेतलेलं, असेल तर आनंद व्हायला हरकत नाही, पण लगेच नको. शेवटची पाच अक्षरं पाहा.

ती पाच अक्षरं प्रो एडिशनमध्ये ‘३व्ही६६टी’, होममध्ये ‘८एचव्हीएक्स७’ किंवा होम सिंगल लँग्वेजमध्ये ‘६एफ४बीटी’ असतील, तर ती तुमची स्वतःची की नाही. डिजिटल लायसन्स असलेल्या जगभरच्या मशीनवर हीच सामाईक की दिसते. की शोधून देणारी फुकटची सॉफ्टवेअर हीच की दाखवतात, लोक ती डायरीत जपून ठेवतात आणि बोर्ड बदलल्यावर टाइप करून पाहतात. ती टाकल्याने फक्त एडिशन ठरते, ॲक्टिव्हेशन होत नाही. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड झालेल्या मशीनवरही याच कीमुळे चॅनेल ‘रिटेल’ दिसतं, मूळ लायसन्स ओईएम असलं तरी. म्हणून खरा पुरावा एकच: खोक्यातलं कार्ड, बिल किंवा ऑनलाइन खरेदीची ईमेल. यांपैकी काही हाती असेल तर त्याचा फोटो काढून मोबाइलवर ठेवा.

बोर्ड काढण्याआधीची कामं

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडणं. ही सोय २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन असं जा. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. तिथे ‘ॲक्टिव्हेटेड विथ अ डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ अशी ओळ दिसायला हवी. ‘लिंक्ड’चा भाग नसेल तर त्याच पानावर ‘ॲड ॲन अकाउंट’ मिळतं. तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आत असायला हवं. खातं जोडल्यावर पान बंद करून पुन्हा उघडा आणि ओळ बदलली आहे हे डोळ्यांनी पाहूनच पुढे जा.

मग मशीनला ओळखू येईल असं नाव द्या. विंडोज स्वतःहून ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अक्षरांचा गोंधळ असं नाव ठेवतं. पुढे यादीतून जुनं मशीन निवडायची वेळ येते तेव्हा एकसारखी तीन-चार नावं पाहून माणूस अडखळतो. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे ‘रिनेम धिस पीसी’ आहे. नाव बदला, रीस्टार्ट करा आणि खात्याच्या संकेतस्थळावर उपकरणांच्या यादीत ते नव्या नावाने दिसतंय का पाहा.

आता एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या मजकुराला घातलेलं सांकेतिक कुलूप. लायसन्स गेलं तर फार तर नवं घेता येईल, पण या पायरीवर चूक झाली तर फायलीच गेल्या. विंडोज ११ च्या अनेक मशीनवर, होम एडिशनसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट झालेली असते. तिची चावी टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते आणि टीपीएम बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये. नव्या बोर्डावर डिस्क लावली की निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ पाहा, प्रो असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये बिटलॉकर पाहा. चालू असेल तर दोन गोष्टी करा. एक, ४८ अंकी की कागदावर उतरवून घ्या किंवा छापून घ्या. ती त्याच मशीनमध्ये सेव्ह करून उपयोग नाही. दोन, एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा आणि डिस्क उलगडून होईपर्यंत थांबा. मोठ्या हार्ड डिस्कला यात काही तास जातात. तात्पुरतं ‘सस्पेंड’ करूनही काम निभतं, पण नव्या टीपीएमशी पुन्हा गाठ घालण्याचा घोळ नको असेल तर पूर्ण बंद करणं बरं.

पिनचंही तेच. विंडोज हॅलोचा पिन त्या टीपीएमशी बांधलेला असतो, म्हणून नव्या बोर्डावर तो चालत नाही आणि खात्याचा पासवर्ड मागितला जातो. रोज पिन टाकणाऱ्यांना पासवर्ड आठवत नाही. आठवला तरी पिन नव्याने करायला इंटरनेट लागतं, आणि नव्या बोर्डाच्या नेटवर्क चिपचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसेल तर इंटरनेटही नाही. या कोंडीतून सुटायचा उपाय आधीच करून ठेवा: पासवर्ड असलेलं एक स्थानिक खातं तयार करा आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्या. नव्या बोर्डाचे लॅन आणि वाय-फायचे ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. ते राहून गेलंच तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट पीसीला मिळतं, त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

शेवटचं, डिस्कची मांडणी. जुन्या असेंबल केलेल्या पीसीत विंडोज कित्येकदा एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर असतं आणि अनेक नवे बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीनेच सुरू होतात, तिला जीपीटी मांडणी लागते. डिस्क मॅनेजमेंट उघडून डिस्क ० वर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. तिथे ‘पार्टिशन स्टाइल’ दिसते. एमबीआर असेल तर बॅकअप घेऊन विंडोजच्याच एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने ती बदला. आधी ‘व्हॅलिडेट’ चालवायचं, ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’, आणि दोन्ही वेळा ‘अलाउ फुल ओएस’ हा पर्याय जोडायचा. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर व्हॅलिडेटच नापास होतं, मग एखादं रिकामं करून काढावं लागतं. बदल झाल्यावर जुना बोर्डही यूईएफआय पद्धतीवर न्यावा लागतो, त्यामुळे हे काम बोर्ड काढण्याच्या अगदी आधी करा.

नवा बोर्ड बसल्यावर

पहिल्यांदा थेट विंडोजकडे जाऊ नका, बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, शिरा. तारीख आणि वेळ तपासा. घड्याळ काही वर्षं मागे असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही, साइन इन अडतं आणि ॲक्टिव्हेशनला भलतेच एरर येतात. लोक तासन्‌तास की बदलत बसतात आणि दोष घड्याळाचा असतो. मग स्टोरेजची पद्धत पाहा. जुन्या बोर्डावर एएचसीआय होतं आणि नव्यावर रेड किंवा इंटेलचं व्हीएमडी चालू असेल तर विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून निळा पडदा दाखवतं. जुनी पद्धत निवडली की ते सुरू होतं.

एएमडीच्या मशीनमध्ये नुसता प्रोसेसर बदलला तरी सुरुवातीला एक प्रश्न येतो: एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) रीसेट करायचा का, वाय की एन? एन्क्रिप्शन बंद केलं असेल किंवा ४८ अंकी की हातात असेल तरच वाय दाबा. शंका असेल तर एन. घाईत दाबलेल्या वायने लोकांनी अख्खी डिस्क गमावली आहे.

विंडोज नव्याने टाकायलाच हवं असं नाही. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरी विंडोज १० आणि ११ बहुतेकदा जुन्याच इन्स्टॉलेशनवर उभं राहतं. ‘गेटिंग डिव्हायसेस रेडी’ दाखवत एक-दोनदा रीस्टार्ट होईल, होऊ द्या. फॉरमॅट मारायचाच असेल तर एडिशन हुबेहूब तीच घ्या. होम आणि होम सिंगल लँग्वेज या दोन वेगळ्या एडिशन आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपवर सिंगल लँग्वेज असतं, आणि वरून दोन्ही सारख्याच दिसतात.

आता इंटरनेट जोडून ॲक्टिव्हेशनच्या पानावर जा आणि ‘ट्रबलशूट’ दाबा. पहिल्यांदा ते ‘दुरुस्त करता आलं नाही’ असं म्हणेल, तिथे घाबरून थांबू नका. त्याच खिडकीत खाली ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रीसेंटली’ असा दुवा असतो. तो दाबा आणि लायसन्स जोडलेल्या त्याच खात्याने साइन इन करा. उपकरणांच्या यादीतून जुन्या मशीनचं नाव निवडा, ‘धिस इज द डिव्हाइस आयम युझिंग राइट नाऊ’ या चौकोनात खूण करा आणि ‘ॲक्टिव्हेट’ दाबा. सगळं जुळलं तर कोपऱ्यातली ती फिकट ओळ मिटते. इथे एक सावधगिरी: काम होईपर्यंत खात्यावरच्या यादीतून जुनं उपकरण काढू नका. साफसफाई म्हणून ते आधीच काढलं तर निवडायला काही उरत नाही.

नाही जमलं तर कारणं मोजकीच असतात. एडिशन वेगळी आहे. जुनं मशीन आणि नवं मशीन यांचा प्रकार जुळत नाही. जुन्या बोर्डावर विंडोज मुळात ॲक्टिव्हेट झालेलंच नव्हतं. त्या लायसन्सच्या फेरॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली आहे. मशीन कंपनीच्या किंवा शाळेच्या ताब्यात आहे. किंवा लायसन्स दुसऱ्याच खात्याशी जोडलेलं आहे. एका घरात दोन-तीन खाती असली की हे फार होतं.

रिटेल की असेल तर

विकत घेतलेली रिटेल की एका वेळी एकाच मशीनवर चालते, पण मशीन बदलायची मुभा असते. जुना बोर्ड दुसरीकडे वापरात राहणार असेल तर त्याच्यावरून की काढून टाका: ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये एस-एल-एम-जी-आर आणि वरच्यासारखीच तिरपी रेघ लावून यू-पी-के, मग तसंच सी-पी-के-वाय. मायक्रोसॉफ्टला याची खबर जात नाही, फक्त त्या मशीनवरून की पुसली जाते. नव्या मशीनवर त्याच पद्धतीने आय-पी-के आणि पुढे २५ अक्षरी की, मग ए-टी-ओ. सर्व्हरने नकार दिला तर एस-एल-यू-आय, मध्ये फक्त जागा सोडून ४ असं चालवून इन्स्टॉलेशन आयडीचा मार्ग उघडा. तिथे ६३ अंकी इन्स्टॉलेशन आयडी ७-७ च्या ९ गटांत दिसतो, तो दिल्यावर ४८ अंकी उत्तर ६-६ च्या ८ गटांत मिळतं. की खरी असेल आणि एकाच मशीनवर असेल, तर ‘मदरबोर्ड बदलला, जुन्या मशीनवरून की काढली आहे’ असं मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राला सरळ सांगा.

ओईएम लॅपटॉप आणि दुकानातला जुना बोर्ड

ओईएम लायसन्स बोर्डाबरोबर जातं. मायक्रोसॉफ्टच्या नियमात सवलत एकच आहे: बोर्ड खराब झाल्यामुळे बदलला तर लायसन्स कायम राहतं, हौस म्हणून चांगला बोर्ड घातला तर नाही. लॅपटॉप अधिकृत सेवा केंद्रात नेला असेल तर नव्या बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये मूळ सिरियल नंबर आणि की भरून देणं हे त्यांचं काम. मशीन ताब्यात घेण्याआधी तिथेच सुरू करून ॲक्टिव्हेशनचं पान पाहा आणि बायोसमधला सिरियल नंबर लॅपटॉपच्या बुडाशी छापलेल्या नंबरशी ताडून घ्या. जॉबशीटवर ‘मदरबोर्ड सदोष म्हणून बदलला’ असं लिहून घ्या. पुढे मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राशी बोलायची वेळ आली तर हाच कागद कामी येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेला बोर्ड घालून घेतला तर वेगळीच गंमत होते. त्या बोर्डाच्या पोटात आधीच्या लॅपटॉपची की असते. विंडोजचं इन्स्टॉलर ती आपोआप वाचतं आणि न विचारता तिची एडिशन टाकतं. तुमच्याकडे प्रोचं लायसन्स असताना मशीनवर सिंगल लँग्वेज उतरलेलं दिसतं ते यामुळे. आत गेल्यावर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’ घेऊन स्वतःची प्रोची की टाका, एडिशन तिथल्या तिथे बदलते. म्हणूनच दुरुस्तीला देताना दुकानदाराला विचारा: बोर्ड नवा की काढलेला, आणि तो कोणत्या विंडोजचा?

कोड काय सांगतो

ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा कोड लांबलचक असला तरी शेवटची चार अक्षरं पुरेशी आहेत. ‘एफ२११’ म्हणजे हार्डवेअर बदललेलं ओळखलं गेलंय. ट्रबलशूटरची वाट धरा. ‘एफ२१३’ म्हणजे या उपकरणावर की सापडली नाही. हाही बोर्ड बदलल्यावरच येतो आणि उपाय तोच, नाहीतर स्वतःची की. ‘सी००८’ म्हणजे की परवानगीपेक्षा जास्त मशीनवर वापरली गेली आहे. ‘सी००३’ म्हणजे की सर्व्हरने अडवली आहे. ‘एफ०५०’ आला तर की चुकीची टाइप झाली आहे किंवा या एडिशनची नाही. बी आणि ८, जी आणि ६ यांची गल्लत आधी तपासा. ‘एफ०७४’ म्हणजे मशीन संस्थेचा केएमएस सर्व्हर (संस्थेच्या नेटवर्कवरून ॲक्टिव्हेशन देणारा) शोधतंय आणि तो मिळत नाही.

हा शेवटचा कोड घरच्या पीसीवर दिसला तर थोडं मागे वळून पाहा. एस-एल-एम-जी-आर आणि तिरपी रेघ लावून एक्स-पी-आर असं चालवा. ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ऐवजी मुदतीची तारीख आली आणि चॅनेल ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असेल, तर पीसी जोडून देणाऱ्याने तोतया ॲक्टिव्हेटर वापरलेला आहे. केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि ते ऑफिसच्या नेटवर्कसाठी आहे. अशा मशीनवर वाचवण्यासारखं लायसन्सच नाही, त्यामुळे वरचा कोणताही उपाय लागू पडणार नाही. काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या कींचंही तेच. त्यांतल्या बऱ्याच संस्थांच्या व्हॉल्यूम की किंवा आधी वापरलेल्या ओईएम की असतात, आज चालतात आणि बोर्ड बदलला की ‘सी००८’ किंवा ‘सी००३’ दाखवतात.

जुन्या विंडोज ७ किंवा ८ ची की आठवणीत असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. फुकट अपग्रेडची अधिकृत मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती. त्यानंतरही त्या की कित्येक वर्षं चालत राहिल्या, पण सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली. आधीच मिळालेली डिजिटल लायसन्स मात्र चालू आहेत. नवी की घ्यायची वेळ आलीच तर विंडोज १० चं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेलं आहे हे धरून बोर्ड आणि प्रोसेसर ११ ला चालणारेच घ्या, आणि पूर्ण रिटेल की घ्या म्हणजे पुढचा बोर्ड बदलतानाही ती सोबत येईल.

तोवर मशीन बंद पडत नाही. फायली, प्रोग्रॅम आणि सुरक्षेचे अपडेट चालू राहतात. वॉलपेपर, रंग वगैरे बदलता येत नाहीत आणि ती फिकट ओळ कोपऱ्यात राहते. म्हणून घाईत पहिल्या दुकानातून की घेऊ नका.

ॲक्टिव्हेशन झालं की एन्क्रिप्शन पुन्हा चालू करा आणि नवी ४८ अंकी की कागदावर उतरवा, कारण जुनी आता निरुपयोगी आहे. पिन नव्याने करा, मदतीसाठी काढलेलं स्थानिक खातं नको असेल तर पुसा, आणि जुनं उपकरण खात्याच्या यादीतून आता खुशाल काढा.